स्वरयंत्राच्या जन्मजात दोषांचे कोडिंग: क्यू३१ वर थांबू नका

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, स्वरयंत्राचे जन्मजात दोष क्यू३१ या गटात येतात. पण नुसते क्यू३१ लिहिले की कोड अपुरा ठरतो. चौथा अंक हवाच. स्वरयंत्रात आडवा पडदा असेल तर ०, सबग्लॉटिक स्टेनोसिस (स्वरपट्ट्यांखालचा भाग अरुंद असणे) १, अपुरी वाढ २, लॅरिंगोसील (स्वरयंत्रातली हवेची पिशवी) ३, लॅरिंगोमलेशिया (स्वरयंत्र मऊ असणे) ५. क्रिकॉइडची (स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या कूर्चेची) मागची फट, अट्रेशिया (मार्ग बंद असणे) वगैरे ८ मध्ये जातात. ९ म्हणजे दोषाचा प्रकार नोंदलेलाच नाही, म्हणून तो वापरण्याआधी एंडोस्कोपीचा अहवाल उघडून पाहा. प्रकार बहुधा तिथेच लिहिलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ स्टेनोसिसचा होतो. अकाली जन्मलेल्या बाळाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवले होते आणि नंतर सबग्लॉटिक भाग अरुंद झाला, तर तो दोष जन्मजात नव्हे. उपचारानंतर आलेल्या अशा अरुंदपणासाठी जे९५.५ आहे. वय बघून क्यू३१.१ लावणे ही नेहमीची चूक. कागदपत्रांत कारण स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना लेखी विचारा, अंदाज बांधू नका.

लॅरिंगोमलेशियाचे निदान पक्के असेल तर श्वासाच्या घरघरीचा (स्ट्रायडरचा) आर०६.१ वेगळा जोडायची गरज नाही. ते त्याचेच लक्षण आहे. श्वासनलिकाही मऊ असेल तर मात्र क्यू३२.० स्वतंत्रपणे लिहा. आणि रुग्ण प्रौढ आहे म्हणून क्यू कोड टाळू नका: दोष अजून असेल तर तो कोणत्याही वयात चालतो.