सोलापुरात रस्त्यावर क्वांटम दाखवायचंय? नोटा चेक करायचा टॉर्च घ्या आणि निघा

आधी एक सांगतो, बोर्डावर मोठ्ठं "क्वांटम" लिहू नका. लोक एकतर बिचकून पुढं जातात नाहीतर तब्येतीसाठी म्हणून खपवतात ते "क्वांटम" ब्रेसलेट विकायला आलाय समजून भाव विचारतात. नुसता प्रश्न लिहा, "कुठला उजेड जिंकणार?" आणि लोकांना पैज लावू द्या.

सामान लई नाही. पोरांच्या खोलीत छताला चांदण्या चिकटवतात ना, अंधारात हिरव्या चमकणाऱ्या, त्याच मटेरियलची शीट घ्या (लोक त्याला रेडियम म्हणतात पण आता त्यात रेडियम नसतं, कुणी घाबरलं तर सांगा). सोबत नोटा चेक करायचा जांभळा टॉर्च आणि सायकलच्या मागं लावतात तो लाल एलईडी, जितका झगझगीत मिळेल तितका. पांढऱ्या टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळू नका, त्यातनं निळा उजेड थोडा गळतो आणि सगळा खेळच बिघडतो. लेझर नकोच, गर्दीत कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही, आणि जांभळा टॉर्चपण कुणाच्या डोळ्यात मारू द्यायचा नाही. अंधारासाठी एक मोठं खोकं आडवं ठेवा आणि तोंडावर आपली सोलापुरी चादर दुहेरी टाका, दिवसापण काम होतं.

आता खरी मेख. शीट कापून भरपूर तुकडे करा आणि आदल्या रात्रीपासून काळ्या पिशवीत ठेवा, कारण एकदा उजेड लागला की तो तुकडा बराच वेळ चमकत राहतो आणि पुढच्या माणसाला दाखवायला काही उरत नाही. वापरलेला तुकडा वेगळ्या पिशवीत, नवा काढताना चादरीच्या आतच काढायचा, हे नीट जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

समोरच्याला विचारा, हा दणदणीत लाल लाइट जास्त चमकवणार का ही जांभळी काडी? बहुतेक लोक लाल म्हणतात. मग लाल लाइट त्यांच्याच हातात द्या, मिनिटभर मारू द्या, अजून जवळ घ्या म्हणा, अजून मारा म्हणा, बंद केला की आत ठार काळोख. मग जांभळा टॉर्च नुसता फिरवायला सांगा, बहुतेक जण आपलं नावच लिहितात, आणि ते हिरवं झळकलं की चादरीतनं आवाज येतो "अय्यो!"

त्यानंतर दोन वाक्यं बोला, जास्त नाही. रेल्वे स्टेशनवरच्या जुन्या वजनाच्या मशीनला ठरलेलंच नाणं लागायचं, लहान नाणी ढीगभर टाकली तरी कार्ड यायचं नाही, तसं उजेडाचं आहे, तो पुडक्यांनी येतो, या पुडक्यालाच क्वांटम म्हणतात, आणि लाल पुडकं छोटं, साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्टचं (ऊर्जा मोजायचं बारीक माप), जांभळं ३ च्या पुढचं. लाइट झगझगीत केला म्हणजे पुडकी वाढतात, पुडकं मोठं होत नाही. आईनस्टाईननं हे १९०५ मध्ये मांडलं, १९२१ चं नोबेल मुख्यतः याच कामातनं निघालेल्या नियमासाठी, उजेड पडला की धातूतनं इलेक्ट्रॉन कसे सुटतात त्याच्या. ऐकणारा कॉलेजचा असेल तर १९२४ मध्ये या पुडक्यांची मोजणी नव्या पद्धतीनं मांडणारे आपले सत्येंद्रनाथ बोसपण काढा, नाहीतर राहू द्या.

जागेचं म्हणाल तर एसटी स्टँडसारखी दुसरी नाही, गाडी लेट असते आणि माणूस बसून कंटाळलेला असतो. सात रस्ता चौकात कुणी थांबत नाही. हुतात्मा बागेत उन्हाळ्यात संध्याकाळी सहकुटुंब लोक येतात, तिथं पोरं आयांना ओढून आणतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गर्दी चिक्कार पण पाळण्यांच्या लाइटिंगमुळं दोन नाही तीन चादरी लागतील, आणि कर्ण्यांपुढं तुमचा आवाज टिकत नाही. कुठंही बसा, परवानगी आधी घ्या, आणि पूर्व भागात जाणार असाल तर तेलुगू बोलणारं एक पोरगं टीममध्ये पाहिजेच, मराठी कळते सगळ्यांना पण शंका माणूस घरच्या भाषेत विचारतो.

क्वांटम कॉम्प्युटरचं कुणीतरी विचारणारच. खरं सांगा की तो या खोक्यात नाही, सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी मंजूर केलेत, आणि क्वांटम कॉम्प्युटरच्या काही प्रकारच्या चिप उणे २७३ अंशाच्या अगदी जवळ थंड ठेवाव्या लागतात. मे महिन्यातल्या सोलापूरकराला हे सांगितलं की तो हसतो आणि मग आपणहून पुढचा प्रश्न विचारतो. ब्रेसलेटचं विचारणाऱ्याला मात्र सरळ सांगा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.