व्हॉल्ट शिवताना

गर्भाशय ट्रेमध्ये पडलं की रेसिडेंट पोरं सैलावतात. "मॅडम, आता फक्त व्हॉल्ट." व्हॉल्ट म्हणजे गर्भाशय काढल्यावर योनीचं वरचं टोक, ते शिवून बंद करायचं असतं. त्या 'फक्त'वर मी चिडते. ओपीडीत पन्नाशीची एक बाई आली होती. म्हणाली, "पिशवी काढली, तरी अंग बाहेर येतंय, असं कसं?" तपासलं तर व्हॉल्ट पार खाली उतरलेला. तेव्हापासून मी टेबलावर एकच गोष्ट घोकते: भोक बुजवायचं नाही, छत टांगायचं आहे.

आधी मूत्राशय नीट खाली सारा. त्याची कड दिसत नसेल तर टाका घेऊच नका. मूत्रवाहिनी गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवर, गर्भाशयाच्या धमनीखालून जाते. पुलाखालून पाणी, हे पाठ असतं सगळ्यांना, पण कोपऱ्यातून रक्त आलं की घाईत तिथेच खोल टाका घालतात.

दोन्ही कोपऱ्यांच्या टाक्यांत युटेरोसॅक्रल आणि कार्डिनल या, गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांचे बुंधे घ्या. टांगणं म्हणतात ते हेच. मग पुढची-मागची कड, श्लेष्मल थर आणि त्यामागचा पांढरट पडदा दोन्ही पकडून, कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत. दुर्बिणीने कापताना कड करंट लागून पांढरी पडली असेल, तर टाका त्यापलीकडच्या जिवंत मांसात. जळलेल्या कडेत घातलेला टाका निसटतो.

आडवं शिवायचं की उभं? आडवं सोपं, पण त्यात योनीची लांबी जास्त कमी होते. खालून शस्त्रक्रिया करताना मी बहुधा उभं शिवते, म्हणजे डावी कड उजवीला. लांबी बऱ्यापैकी टिकते, आणि मागच्या टोकाला दोन्ही युटेरोसॅक्रल आपोआप जवळ येतात. योनी मुळातच अरुंद असेल तर मात्र उभ्याचा हट्ट नको, वरचा भाग आवळला जातो. शंका असेल तर सुरुवातीला आणि शेवटी पट्टी लावून मोजा. लाजण्यासारखं काही नाही त्यात.

अंग सैल असेल तर मॅककॉलचा टाका घाला. १९५७ पासूनची पद्धत आहे: दोन्ही युटेरोसॅक्रल आणि मधलं पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) गोळा करून व्हॉल्टला बांधायचं, मागची पोकळी बुजते. सुई बाहेरून आत आणा, मूत्रवाहिनीपासून दूर. गाठ मारल्यावर सिस्टोस्कोपीने, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून, दोन्ही बाजूंनी लघवीची धार येते का ते बघाच. एक धार दिसली नाही तर टाका तिथेच टेबलावर उसवा, वॉर्डात गेल्यावर नाही.

दोऱ्याबद्दल फार वाद नको. व्हिक्रिल आणि पीडीएस दोन्ही विरघळणारे दोरे; व्हिक्रिलचा जोर साधारण चार आठवड्यांत सरतो, पीडीएसचा त्याहून जास्त टिकतो. मधुमेही किंवा स्टेरॉइडवरच्या बाईला मी पीडीएस घेते.

आणि डिस्चार्जच्या दिवशी नवऱ्यालाही आत बोलवा. ६ ते ८ आठवडे संबंध नाहीत, पाण्याची घागर उचलायची नाही. अचानक पाणी किंवा रक्त गेलं, खाली काही आल्यासारखं वाटलं, तर रात्री दोनलाही यायचं. हे तिच्या एकटीच्या कानावर घालून भागत नाही.