जुना लेथ घरच्या वर्कशॉपसाठी: आधी मोजमाप, रंग शेवटी

भोसरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारे मशीन) आली की कोपऱ्यातला कोन पुलीचा (पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलायचा) साडेचार फुटी लेथ, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवून टूलने कापायचे यंत्र, विकायला निघतो, बऱ्याचदा किलोच्या भावात. घरगुती कामाला एवढा लेथ पुष्कळ झाला. बटाल्याचा असो, राजकोटचा असो की जुना मैसूर किर्लोस्कर, दुरुस्तीचा क्रम एकच: मोजा, खोला, जुळवा, मग रंगवा. नवा रंग मारून विकायला ठेवलेला लेथ दिसला तर जास्तच खोलात जाऊन तपासा.

तपासायला जाताना डायल गेज (अगदी बारीक हालचाल दाखवणारे मोजमापाचे साधन), तो धरायला मॅग्नेटिक बेस आणि लाकडी दांडा बरोबर ठेवा. चकजवळ (जॉब पकडणारा भाग) कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) हलकी पण ढिली न पडता सरकेल अशी गिब (ढिलेपणा काढणारी पट्टी) लावा आणि कॅरेज टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाचा आधार) न्या. तिकडे जाताना ती आवळत गेली, तर चकजवळचा बेड झिजलेला आहे. थोडी झीज प्रत्येक जुन्या लेथला असते. कॅरेज तिकडे पोचतच नसेल, तर मात्र भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. मग डायल हेडस्टॉकवर (चककडचा डबा) बसवून त्याची सुई स्पिंडलच्या (चक फिरवणारा दांडा) नाकाला टेकवा आणि दांड्याने चक खालून उचलून पाहा. २०-३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलले तर चालेल. त्याहून बरेच जास्त असेल तर बुश (स्पिंडल ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा बेअरिंग आवळायला हवे, आणि आवळायला जागा उरली आहे का हेही तिथेच पाहून घ्यावे.

चेंज गिअर (आट्यांचे माप बदलायचे सुटे गिअर) एकेक मोजून घ्या. लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा असेल आणि तुम्हाला मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर १२७ दातांचा गिअर लागतो (२५.४ ची पाचपट म्हणजे १२७). नेमका तोच हरवलेला असतो. गिअर कटिंगवाल्याकडून करून मिळतो, पण नमुन्याला जुन्या संचातला एक गिअर न्या. मॉड्यूल की डीपी (दातांच्या आकाराची मिलिमीटरची आणि इंचाची मापे), हे अंदाजाने सांगितले तर दात जुळणार नाहीत.

असा लेथ मॉडेलप्रमाणे चार-पाचशे किलो भरतो आणि बहुतेक वजन हेडस्टॉककडे असते. उचलण्याआधी कॅरेज आणि टेलस्टॉक दूरच्या टोकाला नेऊन लॉक करा. पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रूवर वजन आले की तो वाकतो आणि पुन्हा कधीच धड सरळ होत नाही. जमिनीवर सरकवायला पाइपाचे रोलर पुरतात. जागा तळमजल्याची हवी. वरच्या मजल्यावर न्यायचा विचार असेल, तर स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, शिम (फटीत घालायची पातळ पत्र्याची पट्टी) कुठल्या बोल्टखाली किती जाडीची होती ते लिहून ठेवा. चिकटा काढायला डिझेल आणि ब्रश. बेडवरचा गंज तेल लावून ब्लेडने खरवडा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर बेडवर फिरवू नका: सरळ पृष्ठभागाला खड्डे पडतात आणि पेपरचे कण सॅडलखाली (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) बसून पुढची कित्येक वर्षे बेड खात राहतात. गंजलेले सुटे भाग इलेक्ट्रोलिसिसने सुंदर निघतात. प्लास्टिकच्या बादलीत दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर. स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमचे भाग या बादलीत घालू नयेत.

आता बेडबद्दल. ‘बेड ग्राइंडिंग करून घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो, पण त्याने पुढची कामे वाढतात. बेड खाली गेला की सॅडल आणि एप्रनही (कॅरेजच्या पुढची पेटी) खाली जातात, लीड स्क्रूची लाइन बिघडते, आणि ती उंची भरून काढायला सॅडलखाली टर्साइट (सहज घसरणारा प्लास्टिकचा पत्रा) चिकटवून स्क्रेपिंग (हाताने खरवडून सपाट करणे) करावे लागते. शिवाय हिशेब करून पाहा: टूल मध्याच्या उंचीवरून ०.१ मिमी खाली उतरला तर २५ मिमी व्यासाच्या जॉबवर फरक मायक्रॉनभरही पडत नाही. टूल जॉबपासून आडवा सरकला तरच ती चूक व्यासावर दुप्पट होऊन येते. म्हणून आधी गिब आणि बुश जुळवा आणि बेडचा पीळ (एका टोकाशी दुसरे टोक पिरगळलेले असणे) काढा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

सरळ गिबला तीन-चार ग्रब स्क्रू (डोके नसलेले) असतात. प्रत्येक पूर्ण आवळा, मग आठवा हिस्सा फेरा सोडा आणि स्क्रू पेचकसाने धरूनच लॉक नट घट्ट करा. नुसता नट फिरवला तर स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवा सरकवणारा भाग) हँडलला बॅकलॅश (दिशा बदलताना मोकळे फिरणे) असतोच. कट नेहमी एकाच बाजूने घेतला तर तो आड येत नाही. हँडल पाव फेरा मोकळे फिरायला लागले, की गनमेटलचा (तांब्याचा मिश्रधातू) नवा नट करून घ्या.

पीळ काढणे हे खरे काम. लेथ सपाट दिसला म्हणजे सरळ बसला असे नाही. ०.०२ मिमी प्रति मीटरची स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवा, आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉकच्या टोकाला. बुडबुडा दोन्हीकडे सारखा यायला हवा. मधोमधच यावा असे नाही. मग कटाने खात्री करा. ४० मिमीचा बार चकमध्ये धरून दीडशे मिमी बाहेर काढा. टेलस्टॉकचा आधार नको. मधला भाग कमी करून दोन्ही टोकांना दहा-दहा मिमीच्या कॉलर (जाड कड्या) ठेवा आणि धारदार टूलने, टूल सेटिंग न हलवता, दोन्हींवर अगदी बारीक कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या टोकाचा पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा पाय शिमने उचला. बेड मागे कलतो आणि टूल जॉबकडे सरकतो. लहान आली तर मागचा पाय उचला. पातळ पत्र्याची एकेक शिम घाला, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या. १० मायक्रॉनच्या आत आले की पुरे.

घरी सिंगल फेज असते, मोटर बहुधा थ्री फेज. २३० व्होल्ट इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज करून मोटरचा वेग बदलणारे यंत्र) लावायचा तर मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीत (मोटरच्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती: डेल्टा आणि स्टार) चालायला हवी. दोन एचपीपर्यंतच्या मोटरी आपल्याकडे बहुतेक ४१५ व्होल्ट स्टार असतात, त्यांची जोडणी बदलता येते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायर आल्या असतील तर सोपे; तीनच असतील तर आतला स्टार पॉइंट रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकू नका. अर्थिंग पक्के असू द्या. आणि चक आट्यांवर बसणारा असेल, तर व्हीएफडीमध्ये थांबण्याचा वेळ तीन-चार सेकंद ठेवा आणि चालू लेथ झटकन उलटा फिरवू नका: चक सुटून बाहेर येतो.

हेडस्टॉकला गनमेटलचे बुश असतील तर गाडीच्या गिअरबॉक्सचे ईपी ९० तेल घालू नका, त्यातले गंधक पिवळ्या धातूला खाते. हेडस्टॉकला व्हीजी ६८ चे (हे तेलाच्या दाटपणाचे माप) साधे हायड्रॉलिक तेल, बेडला स्लाइडवे ६८. अर्धा तास चालवून बुशवर हात ठेवा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर आवळणे जास्त झाले आहे.

ट्रू चकला (तिन्ही जॉ एकदम सरकणारा) शंभर मायक्रॉनपर्यंत रनआउट (फिरताना डुलणे) असला तर घाबरू नका, अचूक कामाला डॉग चक (चार जॉ वेगवेगळे सरकणारा) वापरायचाच असतो. ट्रू चकचे जॉ (पकडणारे जबडे) काढून आतली स्क्रोल (जॉ सरकवणारी चक्राकार खाचांची तबकडी) कीस निघेपर्यंत धुवा. जॉ १, २, ३ याच क्रमाने परत जातात.

रंग आता. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडे घासू नका. पेंट रिमूव्हर लावून खरवडा. प्रायमर आणि इनॅमलचे दोन हात पुरतात. तेलाची भोके, डायलचे आकडे आणि हेडस्टॉक जिथे बेडवर बसतो ती जागा टेपने झाका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, तेव्हा काम झाल्यावर बेडवर तेलाचा हात फिरवायलाच हवा.