एक्स-विंगमध्ये दोन-तीन कार्डं एकदम लागली तर हिशोब कसा लावायचा

पोळ्याच्या कराले आमच्या गावात जिकडेतिकडे बावन पत्ते चालतात, आमच्या ओसरीवर मात्र सतरंजीवर तीन बाय तीन फुटाची चौकट आखून स्टार वॉर्सचं एक्स-विंग, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजांचा फासे आणि कार्डांचा खेळ. या पोळ्याला चुलतभाऊ एका फाशावरून अर्धा तास भांडला, म्हणून नीट लिहून काढतो. आम्ही २०१८ ची दुसरी आवृत्ती खेळतो, खालचं सगळं तिच्याच नियमांचं.

कार्ड आधी हळू वाचा भाऊ, कोणासाठी, कधी आणि काय, एवढं तिन्ही सापडेपर्यंत. 'मे' (may) असेल तर तुमची मर्जी. 'फ्रेंडली शिप' (आपल्या बाजूचं जहाज) मध्ये कार्ड ज्याचं ते जहाजही येतं, 'अदर' (दुसरं) लिहिलं असेल तरच ते सोडायचं. हाउलरनर या पायलटचं कार्ड घ्या, तिच्यापासून रेंज (अंतर) ० ते १ मधलं आपलं जहाज प्रायमरी अटॅक (जहाजाच्या मूळ शस्त्राचा हल्ला) करत असताना एक लाल, म्हणजे हल्ल्याचा फासा परत टाकू शकतं, म्हणजे ती स्वतःलाही मदत करते, पण मिसाईल मारलं तर मदत नाही कारण तो प्रायमरी अटॅक नाही.

आता भांडणाचा डाव. भावाचा पायलट ब्लॅक स्क्वाड्रन एस, त्याला प्रीडेटर हे जास्तीचं कार्ड लावलेलं, जवळ हाउलरनर, हातात एक फोकस टोकन (खर्चायची चकती). त्याच्या टाय फायटर जहाजाचे दोन फासे, रेंज १ चा एक जास्त, असे तीन. पडले दोन कोरे आणि एक डोळा (फोकसचं चिन्ह). शत्रू बुल्सआयच्या, म्हणजे जहाजाच्या नाकासमोरच्या अरुंद पट्टीत होता म्हणून प्रीडेटरनेही एक फासा परत टाकता येतो. हाउलरनरने टाकलेला फासा परत कोराच आला, तर भाऊ तोच प्रीडेटरने उचलायला लागला.

"कार्डावर लिवलं हाये ना दादा, मंग टाकू दे ना!"

"हाव बाबू, पण तोच नाही, दुसरा घे."

एका हल्ल्यात एक फासा एकदाच परत टाकता येतो, कार्डं कितीही असोत, त्यामुळे दोन कार्डं म्हणजे दोन वेगळे फासे.

आणि फोकस शेवटी खर्च करा, हे लय महत्त्वाचं. लाल फाशाला आठ बाजू, तीन हिट (नेम लागला), एक क्रिट (जबर हिट), दोन डोळे, दोन कोऱ्या. फोकस सगळे डोळे हिट करतो, म्हणून तो हातात असताना परत टाकलेल्या फाशाच्या आठपैकी सहा बाजू कामाच्या. आधीच खर्चला तर नंतर आलेला डोळा वाया, आणि चारच बाजू उरतात.

समोरच्याकडेही फासे बदलणारं कार्ड असलं तर, लाल फासे आधी बचाव करणारा बदलतो मग हल्ला करणारा, हिरवे, म्हणजे बचावाचे, आधी हल्ला करणारा मग बचाव करणारा. ज्याचे फासे त्याचा हात शेवटी.

प्रीडेटरच्या जागी क्रॅक शॉट हे कार्ड असेल तर गडबड करू नका, तो या सगळ्यानंतर, हिट आणि इव्हेड (हिट चुकवणारं चिन्ह) एकमेकांना कापायच्या अगदी आधी लागतो. समोरच्याचे टोकन खर्चून झालेले असतात, किती इव्हेड आहेत ते दिसतं, एक इव्हेड काढून हिट आत जाणार असेल तरच चार्ज (त्या कार्डाची खर्चायची चकती) घाला, नाहीतर पुढच्या फेरीला ठेवा.

आम्ही आता परत टाकलेला फासा डब्याच्या झाकणात ठेवतो, झाकणातल्याला कोणी हात लावत नाही.