मूल हवामानबदलाची काळजी करू लागते तेव्हा काय करावे

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बहीण माहेरी आली होती. दुपारभर अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर खेळून दमलेली तिची नऊ वर्षांची मुलगी रात्री गच्चीवर अंथरूण टाकताना मला म्हणाली, "मामा, मी मोठी व्हसू तवय निंबले पाला ऱ्हाई का?" म्हणजे ती मोठी होईल तेव्हा निंबाला पाला राहील का. मी तिला "असे काही होत नाही, झोप आता" असे सांगून गप्प केले. ती झोपली नाही, आणि पुढचे दोन दिवस तिने तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. ती चूक माझी होती. ती सुधारताना जे शिकलो, ते खान्देशातल्या इतर पालकांच्या आणि शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

उत्तर देण्याची घाई करू नये. मुलाला नेमके कशाचे भय वाटते, हे आधी विचारून घ्यावे, कारण मोठ्यांना वाटते तसे ते सगळ्या पृथ्वीचे क्वचितच असते. रावेर-यावलकडच्या मुलाला मे-जूनच्या वादळाने आडवी झालेली वडिलांची केळीची बाग आठवत असते, धुळ्याकडच्या मुलीला टँकरची रांग आठवत असते, तर कोणाला फक्त आपली शेळी उन्हात मरेल असे वाटत असते. माझ्या भाचीने मोबाइलवर जळत्या पृथ्वीचे एक चित्र पाहिले होते आणि आपल्या निंबाचेही तसेच होणार, अशी तिची समजूत झाली होती. अशी बोलणी रात्री झोपताना करू नयेत. भुईमुगाच्या शेंगा फोडताना किंवा झाडांना पाणी घालताना मूल अधिक मोकळेपणाने बोलते, कारण तेव्हा त्याला आपल्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. मुलाची झोप, जेवण किंवा शाळेत जाण्याची इच्छा सलग दोन आठवडे बिघडलेली दिसली, तर मात्र घरगुती समजुतीवर थांबू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

त्यानंतर खरे सांगावे, पण वयाला पेलेल एवढेच. मी गोधडीचे उदाहरण घेतले. पृथ्वीभोवती हवेची एक गोधडी आहे, ती नसती तर आपण गारठून गेलो असतो; पण कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळून माणसाने त्या गोधडीवर आणखी थर शिवले, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला अडते. जरा मोठ्या मुलाला आकडेही द्यावेत. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाईतल्या मौना लोआ येथे १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ भरले, आणि आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे जगातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हे सांगताना आवाज कापरा होऊ देऊ नये, कारण मूल आकड्यांपेक्षा आपला चेहरा अधिक वाचते.

खान्देशात राहणाऱ्यांनी येथे एक काळजी विशेष घ्यावी. आपले ऊन जुनेच आहे. भुसावळचा मे महिना आपल्या आजोबांनाही भाजत होता, त्यामुळे प्रत्येक तापलेली दुपार हवामानबदलाच्या नावावर मांडणे खोटे ठरते आणि पहिल्याच गार दिवशी मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. बदल असा सांगावा की जुन्या उन्हात भर पडत आहे, आणि त्या भरीमुळे कडक दिवसांची संख्या वाढत जाते. हवा आणि हवामान यांतला फरक समजावण्यासाठी मला आखाजीचीच मदत झाली. काही घरांत घागरीखाली चार ढेकळे ठेवून त्यांना पावसाच्या महिन्यांची नावे देतात आणि कोणते ढेकूळ किती भिजले यावरून पावसाचा अंदाज बांधतात. तो यंदाच्या पावसाचा अंदाज झाला. हवामान कळायचे तर तीस वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, हे तिला लगेच पटले.

अपराधाचे ओझे मुलावर टाकू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नळ बंद करायला सांगणे योग्यच आहे, पण "तू नळ बंद केलास म्हणून पृथ्वी वाचली" असे म्हणू नये, आणि "तू पंखा चालू ठेवलास म्हणून ती तापली" असे तर मुळीच म्हणू नये. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात किती कोळसा जाळायचा हे नऊ वर्षांची मुलगी ठरवत नाही. ते मोठी माणसे, सरकारे आणि उद्योग ठरवतात. हे स्पष्ट सांगितल्यावर मुलाचा जीव हलका होतो, आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो: "मग मोठी माणसे काय करीत आहेत?"

या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा शक्य असेल तर मुलाला घेऊन धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जावे. तेथे बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखले, कुऱ्हाडबंदी पाळली आणि पाणी अडवले. त्या कामासाठी गावाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. ज्या मुलाने आतापर्यंत फक्त जळती पृथ्वी पाहिली, त्याला ओळीने मांडलेली सौर पाने आणि उन्हाळ्यातही सावली धरून असलेले रान पाहू द्यावे. तेथेही खरेच बोलावे: बारीपाड्याने जगाचे तापमान थांबवले नाही, आपल्या गावापुरते पाणी आणि जंगल मात्र टिकवले. जग एकत्र येऊ शकते का, असे मुलाने विचारले तर सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवणाऱ्या ओझोन थराची हकिकत सांगावी. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे करार झाला, ओझोनला घातक रसायने जवळजवळ सर्व देशांनी टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, हेही सांगण्याजोगे आहे.

मग काम हाती घ्यावे. ते छोटे असावे, मोजता येणारे असावे, आणि त्यात घरातले एक मोठे माणूस बरोबरीने असावे. एकट्या मुलावर सोपवलेले काम पंधरा दिवसांत सुटते आणि निराशा मागे राहते. आम्ही एक वही केली. साधा तापमापक उत्तरेकडच्या भिंतीवर, सावलीत, पत्र्यापासून दूर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावा आणि दररोज दुपारी तीन वाजता नोंद घ्यावी. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खाते ती उष्णतेची लाट मानते, तेव्हा तो आकडा वहीत लाल शाईने लिहावा. विहिरीची पातळी आठवड्यातून एकदा मोजावी. हे काम मोठ्या माणसानेच कठड्याशी उभे राहून करावे. दोराला दगड बांधून दर हातावर गाठ मारली की झाले. गाठी मुलाने मोजाव्यात.

झाडांच्या बाबतीत माझा आग्रह वेगळा आहे. जूनमध्ये पन्नास रोपे लावून छायाचित्रे काढण्यापेक्षा निंब, करंज, उंबर यांपैकी तीनच रोपे लावावीत आणि तीन उन्हाळे जगवावीत. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच रोप लावू नये, जमीन खोलवर ओली होऊ द्यावी. शेळ्यांपासून राखण्यासाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. दिवाळीनंतर रोपाशेजारी एक मडके गळ्यापर्यंत पुरून त्याच्या बुडाच्या छिद्रात सुती चिंधीची वात घालावी, म्हणजे थोडे पाणी बरेच दिवस मुळांशी पाझरत राहते.

वहीत महिनाभराच्या नोंदी जमल्या की पत्र लिहावे. पत्र एका पानाचे असावे, त्यात मागणी एकच असावी आणि तिला वहीतला आधार असावा. माझ्या भाचीच्या वर्गाला पत्र्याचे छप्पर आहे. तिने वर्गातले आणि बाहेरच्या सावलीतले तापमान पाच दिवस शेजारी शेजारी लिहिले आणि पत्र्यावर चुना मारून मिळावा एवढेच मागितले. असे पत्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या नावे द्यावे, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत पालकाने उभे राहून ते वाचावे. मुलाला मताचा अधिकार नसला तरी पालकाला आहे. राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून ग्रामपंचायतींकडून याच स्वरूपाच्या कामांची अपेक्षा करते, त्याचा उल्लेख पत्रात अवश्य करावा.

उत्तर येईलच असे मुलाला वचन देऊ नये. उत्तराखंडच्या रिधिमा पांडे हिने २०१७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, सरकारने हवामानबदलावर पुरेशी कृती करावी म्हणून राष्ट्रीय हरित लवादात अर्ज केला आणि २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. ती थांबली नाही. त्याच वर्षी तिने इतर देशांतल्या मुलांबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार नेली. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे मान्य केले. ही हकिकत मी भाचीला पराभवासह सांगितली, आणि तिला त्यातला पराभवच अधिक विश्वासार्ह वाटला असे दिसले.

आमच्या पत्राला ग्रामपंचायतीचे उत्तर अजून आलेले नाही. चुना मात्र दोन पालकांनी मिळून आणला आणि एका रविवारी सकाळी पत्र्यावर दोन हात मारले. नंतरच्या नोंदींत वर्गातला पारा दुपारी दोन-अडीच अंश खाली दिसतो. तो पावसाच्या ढगांमुळे उतरला की चुन्यामुळे, हे पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजून ठरवायचे, असे तिने वहीच्या समासात लिहून ठेवले आहे. दर रविवारी ती फोन करून आपल्या विहिरीच्या गाठी सांगते आणि मग विचारते, "मामा, तुमनी विहीर मोजी का?"