मनातलं ओळखताना या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची धांदल होती. धाकटी जाऊ सुपारीचे घोस दोरीला बांधत बसलेली, तोंडातून अवाक्षर नाही. ‘कितें जालें गो?’ विचारलं तर ‘कांय ना, वयनी.’ आदल्या रात्री मी तिला म्हटलं होतं, नेवऱ्यांची (करंज्यांची) पारी जाड झालीय. तेच मनाला लागलं असणार, असं मी ठरवून टाकलं आणि संध्याकाळपर्यंत तिला टाळत राहिले. मग कळलं, वाळपईला तिच्या वडिलांना ताप होता आणि सकाळपासून फोन लागत नव्हता. पारीचं विचारलं तर म्हणाली, ‘खंयची पारी?’ (कुठली पारी?)

ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: समोरच्याचं गप्प बसणं आपल्याशी जोडणं. आपल्या मनात जे सलतं तेच तिच्याही मनात असेल, असं धरून चालतो.

खरं तर दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे मूल साधारण चौथ्या वर्षी शिकतं. १९८५ साली लंडनमधल्या संशोधकांनी मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. सॅली टोपलीत गोटी ठेवून जाते, तिच्या माघारी ॲन ती पेटीत हलवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? अगदी लहान मुलं ‘पेटीत’ म्हणतात, कारण गोटी पेटीत आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक असतं. मोठेपणी आपण उत्तर बरोबर देतो, पण घाईत, रागात, दमलेले असताना पुन्हा तसेच चुकतो.

दुसरी चूक म्हणजे वागण्यावरून थेट स्वभाव ठरवणं. बसचा कंडक्टर खेकसला की तो उद्धट. आपण खेकसलो तर उकाडा होता, गर्दी होती. व्हॉट्सॲपवर नुसतं ‘बरं’ आलं की त्यात तुसडेपणा ऐकू येतो, तेही याच जातीतलं. अक्षरांना आवाज नसतो, तो आपण आपल्या मूडप्रमाणे घालतो.

तिसरी चूक चांगल्या मनाने होते, म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ प्रयोगांतून हेच तपासलं. नुसती कल्पना करून अंदाज अचूक झाले नाहीत. कधीकधी खात्री मात्र वाढली. अंदाज सुधारले ते समोरच्याला विचारून घेतल्यावर. मीही तिच्या जागी स्वतःला ठेवलंच होतं की! पण तिथे तिचे वडील नव्हते, माझी पारी होती.

चूक होऊन गेली असेल तर आपला अंदाज अंदाज म्हणूनच बोलून दाखवा: ‘मला वाटलं तू माझ्यावर रागावलीयस. तसं आहे का?’ ‘तुझं हे असंच असतं’ म्हणालात तर समोरची बचावाला लागते. चारचौघांत विचारू नका. समोरासमोर बसवूनही नको. नारळ खवताना, भांडी पुसताना, हात कामात असताना माणूस मोकळं होतं. आणि पहिल्या ‘कांय ना’ला उठून जाऊ नका. चार सुपाऱ्या आपणही बांधायला घ्या.