ध्यान करायला डोंगरात जायची गरज नाही
नागपूरच्या सिताबर्डीच्या सिग्नलवर गाडी उभी आहे ना, तिथूनच सुरू करा, फक्त डोळे उघडे ठेवा बरं. करायचं काय, तर आनापान ध्यान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मुद्दाम लांब नाही करायचा, मोजायचा पण नाही, अन् मन भटकलं की स्वतःवर न चिडता परत श्वासावर आणायचं, खरं काम एवढंच आहे. घरी सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी 10 मिनिटं बसा, पाठ सरळ, खुर्चीवरही चालते. सुट्टीच्या दिवशी दीक्षाभूमीवर जाऊन शांत बसा, बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथेच धम्मदीक्षा घेतली अन् लाखो लोकांना दिली, त्या जागेवर मन लवकर स्थिर होते असं मला अगदी मनापासून वाटते. जेवताना टीव्ही बंद, पहिले चार घास तरी नीट चव घेऊन खा.